ग्रेड देणारा तिऱ्हाईत नव्हताच

सन १९११चा पंचम जॉर्जचा रुपया वडिलांच्या संग्रहात नव्हता. तो मिळवायचाच, असं मी बरीच वर्षं मनाशी धरलं होतं. या रुपयावर राजाच्या गळ्यातल्या साखळीत जो हत्ती आहे, त्याची सोंड इतकी आखूड कोरली गेली की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, सरकारने रुपया मागे घेतला आणि १९१२पासून सोंड नीट दिसेल असा नवा साचा वापरला. सुमारे ९४ लाख पाडले होते, त्यातले जेमतेम ७ लाख बाहेर गेले असं सांगतात. बाकीचे वितळवले. म्हणून या रुपयाला भाव आहे, आणि म्हणूनच त्यात फसवणूकही आहे.

पुण्यातल्या एका प्रदर्शनात मला तो दिसला. सीलबंद प्लॅस्टिकची डबी, म्हणजे आपण ज्याला स्लॅब म्हणतो ती, वर निळं लेबल, होलोग्राम, क्यूआर कोड आणि ग्रेड ‘एमएस ६५’. विक्रेता म्हणाला, ‘‘काका, हातात घेऊन बघायची गरजच नाही. तिऱ्हाईत कंपनीने तपासलंय, मी थोडाच सांगतोय?’’ ४२ हजार रुपये मी दिले. बिल मागितलं तर म्हणाला, ‘‘घरच्या माणसाला कसलं बिल!’’ तिथेच मी थांबायला हवं होतं.

ग्रेडचं गणित नव्या लोकांसाठी थोडक्यात सांगतो. ग्रेड म्हणजे नाण्याच्या स्थितीचा आकडा. एक ते सत्तरचं हे माप विल्यम शेल्डन यांनी १९४९मध्ये अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंटसाठी मांडलं. एमएस ६० आणि पुढे म्हणजे चलनात न फिरलेलं नाणं. त्याच्या अलीकडे एयू, म्हणजे किंचित झिजलेलं. एका ग्रेडच्या फरकाने किंमत दुप्पट-चौपट होऊ शकते, त्यामुळे तो आकडा कोण देतो यावरच सगळं अवलंबून असतं. अमेरिकेत नाण्यांना ग्रेड देणाऱ्या दोन कंपन्या, पीसीजीएस १९८६मध्ये आणि एनजीसी १९८७मध्ये, सुरू झाल्या, त्या याच कारणासाठी. विकणाऱ्याने स्वतःच्या मालाला स्वतःच ग्रेड द्यायची, हे बंद व्हावं म्हणून. एनजीसीत ग्रेड देणाऱ्यांना नाण्यांचा व्यापार करायला मनाई आहे, आणि या कंपन्या आपल्या ग्रेडची हमीही देतात.

वर्षभराने दादरला एका ज्येष्ठ संग्राहकांकडे मी डबी नेली. त्यांनी खोलीतले दिवे बंद केले, टेबलावरचा एकच दिवा लावला आणि डबी हळूहळू कलती केली. टाकसाळीतून आलेल्या नाण्यावर अशा वेळी उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. माझ्या रुपयावर काहीच फिरलं नाही. नुसता एकसारखा पांढरा चकचकाट. मग भिंग हातात देऊन म्हणाले, ‘‘राजाच्या नाकासमोरची मोकळी जागा बघा.’’ तिथे केसासारखे बारीक, सगळे एकाच दिशेने गेलेले ओरखडे होते. ‘एम्परर’ शब्दाच्या अक्षरांच्या खाचेत पांढरी पूड अडकलेली होती. पॉलिशची. ‘‘घासलंय हो हे,’’ एवढंच ते बोलले. मला त्यांच्याकडे बघवेना.

लेबलवरच्या नंबरवर मी फोन केला आणि हमीबद्दल विचारलं. पलीकडचा माणूस म्हणाला, फेरतपासणीचे ५०० रुपये पाठवा. त्याने पाठवलेला क्यूआर कोड स्कॅन केला आणि मोबाइलच्या पडद्यावर नाव आलं ते त्याच विक्रेत्याचं. ज्या नावावर मी ४२ हजार भरले होते, तेच नाव. नाणं घासणारा कोण ते मला माहीत नाही. पण विकणारा आणि ग्रेड देणारा एकच होता.

नंतर डबी फोडून मी नाणं एका नामांकित कंपनीकडून रीतसर तपासून घेतलं. नाणं अस्सल निघालं, पण आकडी ग्रेड मिळाली नाही. लेबलवर फक्त ‘एयू डिटेल्स, क्लीन्ड’, म्हणजे किंचित झिजलेलं आणि घासलेलं, म्हणून आकडा नाही. आज मला त्याचे साडेचार हजार येतात.

विक्रेत्याने पैसे परत दिले नाहीत. बिल नाही, आणि यूपीआयच्या नोंदीत ‘नाणं’ हा शब्दसुद्धा नाही. म्हणून सांगतो, ग्रेड काय दिली आहे हे लिहिलेलं बिल मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. कंपनी कुणाची, तिची हमी कागदावर आहे का, हे आधी विचारा. नामांकित कंपनीचं लेबल दिसलं तरी लगेच विश्वास टाकू नका, कारण डब्याही नकली निघतात आणि त्यांवर दुसऱ्याच खऱ्या नाण्याचा नंबर छापलेला असतो. कंपनीच्या संकेतस्थळावर तो नंबर टाकला की माहिती जुळते, पण तिथे त्या नाण्याचा फोटो असेल तर त्यातला एखादा डाग, एखादा ओरखडा हातातल्या नाण्यावर शोधा. तो सापडला नाही तर डबी परत ठेवा. आणि खिशात छोटी टॉर्च असू द्या. प्रदर्शनातल्या ट्यूबलाइटखाली घासलेली चांदी फार देखणी दिसते.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे गेल्या महिन्यात मी पुन्हा एका प्रदर्शनाला गेलो होतो. त्याच टेबलावर तीच निळी लेबलं, वीस-पंचवीस डब्या, त्यांत १९११चे दोन रुपये. दोन्ही ‘एमएस ६५’.