सोलापुरातलं भाड्याचं घर आणि माझे ३३,२०० रुपये

मी मूळचा चिपळूणचा. लोटे परशुरामच्या एका केमिकल कंपनीत दहा वर्षं काढली आणि गेल्या वर्षी मे महिन्यात सोलापूरच्या एका कारखान्यात नोकरी लागली. सोलापूर त्याआधी एकदाच पाहिलेलं, तेही गाणगापूरला जाताना स्टेशनवर चहा पिण्यापुरतं. बायको म्हणाली, आधी एकटे जा, चार दिवस लॉजवर राहा, भाग हिंडून बघा, मग घर ठरवा. मी म्हटलं, हल्ली सगळं मोबाइलवर दिसतं, लॉजला कशाला पैसे घालायचे?

दिसत सगळं होतं. पण घर दिसत होतं, भाग दिसत नव्हता. हा फरक कळायला मला ३३,२०० रुपये पडले.

जाहिरातींच्या एका साइटवर घर सापडलं. जुळे सोलापुरात, पहिला मजला, दोन खोल्या, हॉल, किचन, भाडं ७,५००. नंबर लावला तर माणूस अतिशय गोड. वयाने तिशीचा असावा. घर मामांचं, मामा पुण्याला मुलाकडे असतात, सगळं मीच बघतो म्हणाला. व्हिडिओ कॉलवर अख्खं घर फिरवून दाखवलं. नळ उघडून पाण्याची धार दाखवली. किचनमध्ये भिंतीवर स्वामी समर्थांचा फोटो, खाली केशरी रंगाचा मिक्सर. गॅलरीतून समोरचा रस्ताही दाखवला. यात खोटं काहीच नव्हतं, हे लक्षात ठेवा. घर खरं होतं, नळ खरा होता, आणि तो खरोखर त्याच घरात उभा होता.

आता माझे प्रश्न ऐका. पहिला प्रश्न मी विचारला, "पावसाळ्यात पाणी घरात शिरतं का?" हसू नका. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी ज्याने स्वतःच्या घरात पाहिलंय, तो घर बघताना दुसरं काय विचारणार? तो म्हणाला, "अजिबात नाही सर." सोलापुरात घर बघणारा माणूस पाणी किती दिवसांआड येतं, किती वेळ येतं आणि साठवायला टाकी केवढी आहे हे विचारतो, हे मला ठाऊकच नव्हतं. शहराला मुख्य पाणी येतं ते उजनी धरणातून, शंभरावर किलोमीटरच्या पाइपलाइनने. आमच्या भागात ते पाचव्या दिवशी येतं. त्याने सांगितलं होतं, "चोवीस तास पाणी." हे वाक्य ऐकून कुठलाही सोलापूरकर तिथेच फोन ठेवेल. चिपळूणच्या माणसाला मात्र त्यात विशेष काहीच वाटलं नाही.

दुसरा प्रश्न, "एमआयडीसी किती लांब?"

"वीस मिनिटं सर. रस्ता एकदम मोकळा."

मुलीच्या शाळेचं विचारलं, शाळा जवळ. बायकोला बाजार हवा, बाजार जवळ. स्टेशन? तेही जवळ. मी काहीही विचारलं की त्याच्या उत्तरात ते जवळच असायचं.

मग घाई सुरू झाली. "उद्या दोन पार्ट्या बघायला येतायत, तुम्ही फॅमिलीवाले म्हणून तुम्हाला देतोय." २,००० टोकन पाठवले. तिसऱ्या दिवशी डिपॉझिट ३०,००० ठरलं, टोकन वजा जाता २८,००० पाठवले. पैसे गेले ते कुणा तिसऱ्याच नावाच्या खात्यात. विचारलं तर म्हणाला, मामींचं खातं आहे. लाइट बिलाचा फोटो पाठवला, त्यावर चौथंच नाव. ते मामांचं. नाती जुळत होती, म्हणून मीही ती जुळवून घेतली. शेवटी करारनामा आणि पोलीस व्हेरिफिकेशनचे म्हणून ३,२०० मागितले, तेही दिले. त्याबदल्यात पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर टाइप केलेल्या, नोटरीचा शिक्का मारलेल्या कराराचा फोटो आला. मी तो प्रिंट काढून फाइलला लावला.

या ३,२०० बद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथे मी पाच मिनिटं हिशेब केला असता तरी शहाणा झालो असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. तो नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नाही नोंदवला तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसती नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. आता खर्च बघा. अकरा महिन्यांचं भाडं ८२,५००, परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज साधारण २,७५०, आणि या बेरजेवर मुद्रांक शुल्क पाव टक्का. म्हणजे दोन-तीनशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. वर एजंट घरी येऊन अंगठा घेतो त्याची मजुरी. पैशांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे ऑनलाइन नोंदणीला मालकाचं आधार आणि मालकाचा अंगठा लागतो. भाच्याचा चालत नाही. "मामांचा अंगठा कधी घेणार?" एवढंच मी विचारलं असतं तर काम झालं असतं.

टेम्पो भरून आम्ही निघालो. कुंभार्ली घाट, कराड, पंढरपूर, मोहोळ. मोहोळला पुणे-सोलापूर हायवेला लागलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. ऊन असं की काचेला हात लावला तर चटका बसत होता. सोलापूर यायला अजून बराच वेळ असताना डाव्या-उजव्या हाताला कारखाने दिसायला लागले आणि एका पाटीवर माझ्या नव्या कंपनीचं नाव.

ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, तुमची कंपनी हीच ना? मग घर एवढं पुढं कशाला घेतलं?"

ती चिंचोळी एमआयडीसी होती. माझ्या ऑफर लेटरवर पत्ता तोच होता, तोही मी शंभरदा वाचलेला. पण फोनवर बोलताना मी प्रत्येक वेळी नुसतं "एमआयडीसी" म्हणत होतो. आमच्याकडे लोट्याला राहणारा माणूस एमआयडीसी म्हणाला की एकच. सोलापुरात चिंचोळीची पुणे रस्त्यावर मोहोळच्या अंगाला, आणि अक्कलकोट रोडची पार शहराच्या पलीकडच्या टोकाला. जुळे सोलापुरातून वीस मिनिटांची म्हणत असलाच तर ती अक्कलकोट रोडची असेल. माझ्या कारखान्यात जायला मला रोज आधी अख्खं शहर ओलांडावं लागलं असतं.

त्यानंतर गेल्या दहा महिन्यांत मी सोलापुरात रिक्षावाल्याला, किराणा दुकानदाराला, मुलीच्या शाळेतल्या शिपायाला, कुणालाही "एमआयडीसीत कामाला आहे" म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "कुठल्या ओ मालक? अक्कलकोट रोड का चिंचोळी?" एकानेही तो चुकवलेला नाही. हा पठ्ठ्या तेरा फोनमध्ये एकदाही ते विचारत नाही. मी कुठे कामाला जाणार याच्याशी त्याला देणंघेणंच नव्हतं. खऱ्या मालकाला असतं. आठ दिवसांत "लांब पडतंय" म्हणून भाडेकरू सोडून गेला तर त्याचाच महिना फुकट जातो.

मी टेम्पोतूनच त्याला फोन लावला. "अहो, एमआयडीसी तर मागे राहिली!" तो शांतपणे म्हणाला, "चिंचोळी होय? तुम्ही बोलला नाहीत सर. या तर, भेटल्यावर बघू. किल्ली घेऊन खालीच थांबतो." ते आमचं शेवटचं बोलणं. सात रस्त्याला आलो तोवर फोन बंद.

घर सापडलं. हुबेहूब तेच घर, दाराला कुलूप. टेम्पोचा आवाज ऐकून तळमजल्यावरच्या काकू बाहेर आल्या. घरात त्या तेलुगू बोलत होत्या, आमच्याशी मराठी. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, "तुम्हीपण डिपॉझिटवाले का?"

आमच्या आधी दोन कुटुंबं येऊन गेली होती. एक उदगीरचं, एक कलबुर्गीकडचं. तो माणूस त्या घरात स्वतःच भाडेकरू होता. अकरा महिन्यांचा करार संपत आलेला, तीन महिन्यांचं भाडं थकवलेलं. शेवटच्या पंधरवड्यात त्याने एकच घर आम्हा तिघांना दाखवलं आणि आम्ही पोचायच्या चार दिवस आधी रात्रीतून गाशा गुंडाळला. पुण्याचे मामा म्हणजे खरे घरमालक. काकूंनी त्यांचा नंबर दिला. पहिल्या फोनला ते माझ्यावरच ओरडले. त्यांना वाटलं, मीच त्याचा कुणी साथीदार. दोष देत नाही, त्यांचंही घर दोन महिने तसंच पडून राहिलं.

काकूंनी आधी आम्हा सगळ्यांना पाणी दिलं, ड्रममधून काढून. मुलीने आणखी एक तांब्या मागितला तेव्हा बायकोने तिला डोळ्यांनी दटावलं. पुढचा पाण्याचा दिवस परवा होता.

काकूंच्या मुलाने १९३० ला फोन लावून दिला. सायबर फसवणुकीची तक्रार नोंदवायचा हा राष्ट्रीय नंबर. पोरगं एवढ्यातही म्हणालं, "सोलापुरात राहायचं तर १९३० विसरायचं नाही काका." १९३० सालीच मे महिन्यात इथे मार्शल लॉ लागला, आणि पुढे १२ जानेवारी १९३१ ला चौघांना फाशी झाली. चार हुतात्म्यांचे पुतळे शहरात आहेत. तेव्हापासून तो नंबर माझ्या डोक्यात पक्का बसलाय, तुमच्याही बसू दे. फक्त मी तो फार उशिरा लावला. पैसे जाताच तासा-दोन तासांत तक्रार गेली तर समोरच्या खात्यात ते अडवता येण्याची शक्यता असते. माझे २८,००० पाठवून नऊ दिवस झाले होते, खातं केव्हाच रिकामं. शेवटचे ३,२०० तेवढे खात्यात गोठवले गेले. ते अजून तिथेच आहेत, कोर्टाच्या आदेशाची वाट बघत. पोलीस ठाण्यात तक्रार घेतली. हवालदारांनी बघितलं आणि म्हणाले, "साहेब, नाव एक, खातं दुसऱ्याचं, बिल तिसऱ्याचं, आणि तुम्ही केमिस्ट?" याला उत्तर नव्हतं.

सामान तीन दिवस काकूंच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली राहिलं, आम्ही लॉजवर. शेवटी लॉज चुकला नाहीच.

चौथ्या दिवशी कंपनीत हजर झालो आणि पहिल्यांदा योग्य माणसाला प्रश्न विचारला. मॅनेजरला नव्हे, कंपनीच्या बसच्या ड्रायव्हरला. बस कुठून सुटते, कुठे कुठे थांबते, शेवटचा थांबा कुठला. त्याने सांगितलं, "बाळे बघा, केगाव बघा. पुणे रोडच्या कडेला राहिलात तर दिवसाचा तास-दीड तास वाचतोय." नव्या गावात नोकरीसाठी जाणाऱ्याने घराच्या आधी हे थांबे विचारावेत. भाग तिथेच ठरतो.

बाळ्यात सकाळी सहाला हिंडलो. मुद्दाम पाण्याच्या दिवशी. कुठल्या गल्लीत बायका पाइप लावून तासभर उभ्या आहेत, कुठल्या इमारतीची टाकी भरून वाहतेय, कुठे बोअरची मोटर चालू आहे, सगळं अर्ध्या तासात कळतं. इस्त्रीवाल्याला विचारलं, कुठलं घर रिकामं आहे, आधीचे का गेले. त्याने चार घरं सांगितली आणि एकाबद्दल म्हणाला, "वरचा मजला हाय, स्लॅब तापतोय, लेकरू लहान असलं तर घेऊ नका." एवढं खरं बोलणारा एजंट मला अजून भेटलेला नाही. खंडोबाच्या देवळापासून चालत दहा मिनिटांवर तळमजला मिळाला, भाडं ८,०००. मालकीणबाईंचा पहिला प्रश्न, "कुठल्या एमआयडीसीत?" दुसरा, "ड्रम आहेत का तुमच्याकडं?" माझ्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. एजंट घरी आला, त्यांचा अंगठा, माझा अंगठा, दोघांचे फोटो. करार नोंदवून झाल्याचा मेसेज आल्यावरच डिपॉझिट दिलं, त्यांच्याच नावाच्या खात्यात.

जुळे सोलापूर वाईट आहे असं यातून कुणी समजू नये. माझ्या ओळखीचे दोघे तिथेच राहतात, सुखात आहेत. त्यांची ऑफिसं विजापूर रोडला आहेत.

यंदा मार्चमध्ये कंपनीत नांदेडहून एक नवा मुलगा आला. जेवताना मोबाइल पुढे करून म्हणाला, "सर, हे घर कसं वाटतं?" स्वामी समर्थांचा फोटो, केशरी मिक्सर, तीच गॅलरी. भाडं आता ७,०००. जाहिरातीत पहिल्याच ओळीत लिहिलं होतं: "चिंचोळी एमआयडीसीला सोयीचे." आधी हे तिथे नव्हतं. टेम्पोतून ते त्याला मीच सांगितलं होतं.