देव मानत नाही पण लग्न तर करायचंय: वैदिक, रजिस्टर की सत्यशोधक?

लग्न ठरलंय, दोघांपैकी एकाचा किंवा दोघांचाही देवाधर्मावर विश्वास नाही, घरच्यांचा मात्र आहे, आणि आता घरात रोज संध्याकाळी चहासोबत तोच विषय. ज्यांना खरंच निर्णय घ्यायचाय त्यांच्यासाठी हे लिहितेय. बाजू घेऊन लिहिणार आहे, शेवटी सगळंच छान म्हणायचं असेल तर लिहायचं कशाला.

आधी पैशाचं बोलूया, कारण नास्तिक मंडळींचा एक लाडका मुद्दा असतो की विधी टाळले की खर्च वाचतो. तर वाचत नाही. समजा 500 पानं उठणार आणि ताट 600 रुपयांना पडलं, तर नुसतं जेवण 3 लाख. त्यावर हॉल, डेकोरेशन, फोटोवाला, मेकअपवाली, बस्ता, सोनं, आणि आता तर प्री-वेडिंग शूट पण आलंच. या सगळ्यात गुरुजींची दक्षिणा आणि पूजेचं सामान मिळून किती, शहरात धरा पंधरा-वीस हजार, गावाकडे त्याहून कमी. म्हणजे अख्ख्या लग्नातला सगळ्यात स्वस्त माणूस जर कोणी असेल तर तो भटजी आहे आणि आपण वाचवायला निघालोय त्यालाच. खर्च ठरतो तो माणसं किती आणि मानपान किती यावर. सासूची पैठणी, करवलीचं पाकीट, मामा-काकांचे टॉवेल-टोपी, विहिणीची वेगळी पंगत, यातलं एकही कुठल्या मंत्रात लिहिलेलं नाही, आणि रजिस्टर लग्न करून संध्याकाळी हजार माणसांचं रिसेप्शन ठेवलं तर बिल तेवढंच येणार.

दुसरं म्हणजे बिल कोण भरणार. मी असे मुलगे बघितलेत जे मला विधीबिधी पटत नाहीत म्हणून बाणेदारपणे सांगतात आणि हॉलचे पैसे मात्र मुलीच्या वडिलांनी भरलेले चालतात. हे कसं काय पटतं? मला विचाराल तर खर्च निम्मा-निम्मा ही पहिली अट, मंत्र हवेत की नकोत हा वाद त्याच्यानंतर.

म्हणून तीन गोष्टी वेगवेगळ्या ठरवा: कायद्याने लग्न कुठल्या कायद्याखाली, समारंभात काय म्हणायचं आणि करायचं, आणि जेवायला किती जण. घरात भांडणं होतात ती या तिन्हींची एकच मोट बांधल्यामुळे.

वैदिक लग्न, पूर्ण किंवा कापून

यात कायद्याचा त्रास सगळ्यात कमी. हिंदू विवाह कायदा 1955, कलम 7: दोघांपैकी एकाच्या घरच्या रूढीप्रमाणे विधी झाले की लग्न झालं, आणि रूढीत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं की पूर्ण. नोटीस नाही, महिनाभर थांबणं नाही. मग नमुना ड भरून महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात किंवा ग्रामपंचायतीत नोंदणी. घरचे खूश, मुहूर्त सांभाळला जातो, आजीला हॉलमध्ये रडता येतं.

नास्तिकाला खुपतं ते काय ते स्पष्ट बघूया. मंगलाष्टकं कुणाला खुपत नाहीत, ती धड कोणी ऐकतच नाही, अर्धे लोक चौथ्या कडव्याला अक्षता संपवून बुफेच्या रांगेत उभे असतात. लाजाहोम, कानपिळी हेही गमतीत निघून जातं. खरी गोम कन्यादानात आहे. आई झारीतून पाण्याची धार सोडते, वडिलांच्या ओंजळीतून ते पाणी मुलाच्या ओंजळीत आणि खाली भांड्यात पडतं, आणि अर्थ असा की दिली. एमबीए झालेली, स्वतःच्या नावावर फ्लॅटचा हप्ता भरणारी मुलगी, आणि दिली! देव आहे की नाही हा प्रश्न इथे लांबच राहिला, आस्तिक माणसालाही हे टोचायला हवं. तर ते गाळा. मार्च 2024 मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने सांगितलंय की हिंदू लग्नासाठी कन्यादान आवश्यक नाही, तेव्हा काकांनी त्याशिवाय लग्नच लागत नाही म्हटलं तर हे सांगता येईल. सीमांतपूजनातलं जावयाचे पाय धुणं पण गाळा, त्याला तर कोर्टाचीही गरज नाही.

पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीची पोथी हा यातलाच मधला रस्ता. मंत्रांचा अर्थ मराठीत सांगतात, स्त्रिया पौरोहित्य करतात, सगळं सुटसुटीत. ज्यांना परंपरा आवडते पण न कळणारं पुटपुटणं आवडत नाही त्यांना हे नक्की आवडेल. पण अग्नी आणि देवता तिथेही आहेत, तेव्हा पक्क्या नास्तिकाने ते गृहीत धरूनच जावं. आर्य समाजाचं तसंच, लोक तिकडे जातात ते लवकर उरकतं म्हणून, होम मात्र आहेच.

रजिस्टर लग्न

म्हणजे विशेष विवाह कायदा 1954. इथे जरा थांबून सांगते कारण यात लोकांचे घोळ फार होतात.

पहिला घोळ: नमुना ड ची नोंदणी म्हणजे रजिस्टर लग्न नव्हे. ती आधी झालेल्या लग्नाची नोंद असते, त्या फॉर्मवर लग्न लावणाऱ्या पुरोहिताचं नाव आणि सही सुद्धा मागतात. काही नास्तिक जोडपी काय करतात, कुठलाच विधी करत नाहीत, ओळखीच्या एखाद्या गुरुजींची सही घेतात, वॉर्ड ऑफिसातून सर्टिफिकेट आणतात आणि झालं म्हणतात. एप्रिल 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने (न्या. नागरत्ना आणि न्या. मसीह) नेमकं यावरच बोट ठेवलं, की हिंदू विवाह कायद्याखाली विधी झालेच नसतील तर नुसत्या सर्टिफिकेटने लग्न होत नाही. म्हणजे ज्याला विधी नकोत त्याच्यासाठी तो कायदाच नाही, आणि हे नास्तिकांना सांगायला सुप्रीम कोर्ट लागलं ही गंमतच. तुम्हाला 1954 चाच कायदा हवा.

त्यात प्रोसिजर अशी की जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, दोघांपैकी एकजण तरी त्या जिल्ह्यात आधीचे सलग 30 दिवस राहिलेला पाहिजे, नोटीस बोर्डावर लागते, 30 दिवस हरकतींसाठी, मग तीन साक्षीदार घेऊन जायचं. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न केलं नाही तर सगळं परत पहिल्यापासून. फी काहीशे रुपयांच्या घरात. तिथे एकमेकांना कायदेशीर पती-पत्नी म्हणून स्वीकारतो एवढं एकच वाक्य म्हणावं लागतं, तेही आपल्याला कळणाऱ्या भाषेत, म्हणजे मराठीत. बाकी समारंभ तुम्हाला हवा तसा, कायदा काही सांगत नाही. अधिकारी जास्तीची फी घेऊन ऑफिसबाहेर पण लग्न लावू शकतो असं कायद्यातच आहे, पण त्या दिवशी साहेबांना जमणार का हे हॉल बुक करायच्या आधी विचारून घ्या.

दुसरा घोळ: रजिस्टर लग्न केलं की वडिलोपार्जित इस्टेटीतला हिस्सा जातो, ही भीती चुलते लोक हमखास घालतात. दोघंही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असतील तर जात नाही, 1976 च्या दुरुस्तीने कलम 21अ आलं आणि वारसाहक्क होता तसाच राहतो. दोघांचे धर्म वेगळे असतील तर मात्र एकत्र कुटुंबातून वेगळं झाल्यासारखं होतं आणि वारसा 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरतो, तेव्हा शेतजमिनीचा मामला असेल तर आधी वकील गाठा.

तिसरं, हे फार जणांना माहीतच नसतं: मामाच्या मुलीशी लग्न. आपल्याकडे बऱ्याच समाजांत हक्काने करतात आणि हिंदू विवाह कायद्यात रूढी म्हणून चालतंही, पण 1954 च्या कायद्याच्या निषिद्ध नात्यांच्या यादीत मामेबहीण-आतेबहीण दोघी आहेत. रूढीची सवलत आहे, पण ती सरकारने राजपत्रात नमूद केलेली असावी लागते. तेव्हा नास्तिक असाल आणि नवरी मामाची पोरगी असेल तर सप्तपदीच घाला बाबा.

एक मात्र बरं झालंय. आधीचा 1872 चा कायदा होता त्यात मूळ नियमाप्रमाणे आपण हिंदू, मुस्लीम, ख्रिश्चन वगैरे कुठलाच धर्म मानत नाही असं लिहून द्यावं लागायचं. 1954 मध्ये ती कटकट गेली. तुम्ही काय मानता हे साहेब विचारतच नाहीत, मनातून नास्तिक आणि कागदावर जातीच्या दाखल्यासकट हिंदू असाल तरी चालतं, आणि आपल्यापैकी बहुतेकांची केस तीच असते.

तोटे आहेत, लपवत नाही. घरून विरोध असेल तर तो 30 दिवसांचा बोर्ड जिवावर येऊ शकतो, कुणीतरी वाचतं आणि गावात बातमी जाते. हरकत कायद्यातल्या कारणांवरच घेता येते, म्हणजे आधीचं लग्न, वय, नातं वगैरे, जात-धर्म हे कारण नाही, पण घरी येऊन दमदाटी करणारा कुठे कायदा वाचून येतो. परदेशातून तीन आठवड्यांची सुट्टी काढून येणाऱ्यांना पण गणित जमत नाही, फक्त जोडीदार इथला असेल आणि त्याने नोटीसची तयारी आधी केली असेल तर जमतं. आणि तिसरा तोटा म्हणजे तो प्रसंग फार कोरडा असतो. लोखंडी कपाटं, वरती फिरणारा पंखा, आपल्या आधीचं जोडपं अजून सह्या करतंय, तुम्ही जरीची साडी नेसून झेरॉक्सच्या गठ्ठ्याशेजारी उभ्या. पंधरा मिनिटांत बाहेर. आईचा चेहरा तेव्हा बघवत नाही हे खरं आहे. पळून जाऊन करतात ते लग्न, असा एक शिक्का पण आहे अजून. डॉ. आंबेडकरांनी 15 एप्रिल 1948 ला दिल्लीत नोंदणी पद्धतीनेच दुसरं लग्न केलं होतं, तेव्हा शिक्का मारणाऱ्यांना तेवढं सांगून टाका.

सत्यशोधक

कोरडेपणावरचं औषध म्हणून बरेच जण इकडे वळतात. जोतीराव फुल्यांचा सत्यशोधक समाज 24 सप्टेंबर 1873 ला पुण्यात निघाला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला पहिलं लग्न भटजीशिवाय लागलं. पुढे ओतूरला एका पाटलांनी ब्राह्मण न बोलावता लग्न लावलं तर गावचे जोशी कोर्टात गेले, प्रकरण मुंबई हायकोर्टापर्यंत पोचलं, म्हणजे दक्षिणा बुडते याचा राग किती मोठा होता बघा. जोतीरावांनी स्वतः मंगलाष्टकं लिहिली, त्यात नवरी स्त्रियांच्या हक्कांचं बोलते आणि नवरा शब्द देतो. दीडशे वर्षांपूर्वी! आज ऐकतानाही हॉल जरा शांत होतो, कारण समजतं काय चाललंय ते.

आता नास्तिकांनी एक लक्षात घ्यावं, फुले नास्तिक नव्हते. त्यांचा आक्षेप मधल्या दलालाला होता, निर्मिक, म्हणजे सृष्टी निर्माण करणारा, ते मानत होते आणि त्यांच्या विधीत तो आहे. आजकाल अंनिसचे (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे) कार्यकर्ते वगैरे लावतात त्या लग्नात मंगलाष्टकं, शपथ, हार आणि अक्षतांऐवजी फुलं एवढंच ठेवतात, तर कुठलं रूप हवं ते लावणाऱ्यांशी आधी बसून ठरवा. तांदूळ वाया जात नाहीत हा फायदा वेगळाच.

कायद्याच्या बाजूने मात्र इथे सावध. तमिळनाडूत पेरियारांच्या स्वाभिमान विवाहाला 1967 च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात कलम 7अ करून सरळ मान्यता दिली, पुरोहित नको, होम नको. महाराष्ट्रात फुल्यांच्या पद्धतीसाठी असं वेगळं कलम नाही. तुमच्या घराण्याची ती रूढीच आहे असं उद्या कोर्टात दाखवायची वेळ आली तर? चार पिढ्यांचं सत्यशोधक घराणं असेल तर दाखवाल, आयटीतली पहिल्या पिढीची नास्तिक जोडी काय दाखवणार. तेव्हा 1954 च्या कायद्याखाली सही आणि मग हॉलमध्ये सत्यशोधक समारंभ, ही जोडी मला सगळ्यात पक्की वाटते. बौद्ध पद्धतीच्या लग्नात, म्हणजे पांढरे कपडे, त्रिशरण-पंचशील, हा प्रश्न तितका येत नाही कारण समाजातच ती रीत रुजलीय.

(गोव्याच्या वाचकांनी हे सगळं वाचून हसावं, त्यांच्याकडे धर्म कुठलाही असो आधी सिव्हिल रजिस्ट्रारकडे सह्या, आणि वेगळा करार केला नसेल तर मालमत्तेत दोघांचा अर्धा-अर्धा वाटा. आपल्याकडे यातलं दुसरं आलं तरी पुष्कळ.)

मग कुणी काय करावं

दोघंही ठाम आणि आईवडील कुरकुरत का होईना येणार असतील तर वर म्हटलेली जोडी, रजिस्टर अधिक सत्यशोधक किंवा स्वतः लिहिलेला समारंभ, आणि माणसं दीडशेच्या आत. इथे पैसे खरोखर वाचतात, कारण देवक, ग्रहमख, हळद, सीमांतपूजन असे चार कार्यक्रम गेले की चार वेळची जेवणं जातात.

एकजण नास्तिक आणि दुसऱ्याला विधी मनापासून हवे असतील तर नास्तिकाने हट्ट सोडावा असं माझं मत, कन्यादान आणि पाय धुणं एवढ्या दोन गोष्टींवर अडून बसावं आणि बाकी तासभर पाटावर बसावं. ज्याचा देवावर विश्वास नाही त्याला त्या धुराने काय फरक पडतो, डोळे चुरचुरतील तेवढेच. फक्त घरच्यांचं मन राखायला म्हणून दोघंही विधी करत असाल तर मात्र आधी घरच्यांशी सौदा करा: विधी तुमचे, पाहुण्यांची यादी आमची. नाहीतर विधीही होतात, सातशे माणसंही जेवून जातात आणि नंतर सत्यनारायण आणि जागरण-गोंधळ पण येतोच मागोमाग.

धर्म वेगळे असतील, कुणाला धर्म बदलायचा नसेल, तर फार विचार करू नका, 1954 चा कायदा. आंतरजातीय असाल आणि एकजण मागासवर्गातला व दुसरा सवर्ण, असं असेल तर समाजकल्याण विभागाची 50 हजारांची योजना बघा, त्याला सर्टिफिकेट लागतंच.

आणि क्रम असा ठेवा, आधी नोटीस, मग हॉल. लोक उलटं करतात, डिसेंबरचा हॉल जूनमध्ये अडवतात आणि नोटीस आठवते ती नोव्हेंबरच्या शेवटी. हॉलची तारीख नोटिशीच्या 30 दिवसांनंतर आणि तीन महिन्यांच्या आत बसली पाहिजे. सही आणि समारंभ एकाच दिवशी जमले तर सोन्याहून पिवळं, नाहीतर व्हिसाच्या फॉर्मवर एक तारीख आणि घरी वाढदिवसाची दुसरी, हा गोंधळ आयुष्यभर पुरतो.