ऑनलाइन बायॉलॉजी कोर्स: नऊ महिन्यांचा अनुभव आणि माझे चार गुण

सातव्या घटकाच्या चाचणीत माझे चार गुण गेले आणि ते उत्तर चुकल्यामुळे गेलेले नाहीत. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण ऑगस्टपासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

कोर्स जीवशास्त्राचा, एका परदेशी विद्यापीठाचा, पदवीच्या पहिल्या वर्षाचा, १२ घटकांचा. शिकायला फुकट, प्रमाणपत्राला पैसे. आपल्या सवडीनं करायचा. मी बी.कॉम., मुक्त विद्यापीठातून केलेली, त्यामुळे एकटीनं पुस्तक घेऊन बसायची सवय होती. दिंडोरी रोडला आमचं कृषी सेवा केंद्र आहे. सासऱ्यांना आता उभं राहणं होत नाही म्हणून काउंटर मी बघते. द्राक्षवाले शेतकरी रोज विचारतात, ताई, हे औषध नक्की काय करतं? मी बाटलीवरचं वाचून दाखवायची. एप्रिलमध्ये ठरवलं, आता स्वतः समजून घ्यायचं. दुकान बंद केल्यावर रात्री साडेनऊ ते अकरा, मोबाइलवर.

पहिले तीन घटक मला नकोसे झाले होते, हे खरं सांगते. हायड्रोजन बंध, अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनांच्या माळेतले मणी, त्यांच्या बाजूच्या साखळ्या. वीस अमिनो आम्लांची चित्रं बघून वाटलं, यात द्राक्ष कुठे आहे? तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी दोन तारे दिले असते. मराठी माध्यमाच्या लोकांना एक सांगते: दहावीचं विज्ञानाचं बालभारतीचं पुस्तक शेजारी ठेवा, पीडीएफ फुकट मिळते. माइटोकॉन्ड्रिया म्हणजे आपली तंतुकणिका, एन्झाइम म्हणजे विकर, म्युटेशन म्हणजे उत्परिवर्तन. शब्द ओळखीचा निघाला की अर्धी भीती जाते. व्हिडिओ पाऊणपट वेगानं लावायचा आणि खाली इंग्रजी अक्षरं चालू ठेवायची. रेणूंची फिरणारी चित्रं माझ्या फोनवर अडकत होती, ती मी सोडून दिली.

चौथा घटक श्वसनाचा, आणि तिथून मी कोर्सला चिकटले. एटीपी म्हणजे पेशीचं चलन, हे शाळेत घोकलं होतं. इथे त्याचा जमाखर्च मांडला. एका ग्लुकोजमागे ३८ एटीपी हा आपला जुना हिशेब. आता ३० ते ३२ धरतात, कारण इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या एका एनएडीएच रेणूमागे तीन नाही, साधारण अडीचच एटीपी पदरात पडतात. कॉमर्सवालीला अजून काय हवं! तो घटक मी तीनदा पाहिला. तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यावर इलेक्ट्रॉन प्रथिनांच्या एका संचाकडून दुसऱ्याकडे जातात. तिसऱ्या संचात सायटोक्रोम बी नावाचं प्रथिन असतं, हे वहीत लिहून ठेवलं आणि पुढे गेले.

आता ते चार गुण. सातवा घटक डीएनएचा. चार प्रश्न एकाच जातीचे: डीएनएच्या दोन पट्ट्यांपैकी एक दिलेली, तिच्या जोडीची पूरक पट्टी ५ प्राइम टोकाकडून ३ प्राइम टोकाकडे लिहा. प्राइम म्हणजे आकड्याच्या डोक्यावरची छोटी रेघ. मी कागदावर सोडवलं, तपासलं, फोनवर टाइप केलं. चारही चूक. प्रयत्न दोनच मिळतात. परत कागदावर सोडवलं, तीच उत्तरं आली, परत टाइप केली, परत चूक. १५ पैकी ११. त्या रात्री मला वाटलं, मला डीएनए समजलेलंच नाही. दोन दिवस तो घटक उघडायचं धाडस झालं नाही.

तिसऱ्या दिवशी आठव्या घटकाच्या सरावात तसलाच प्रश्न आला. लेकीचा लॅपटॉप मोकळा होता म्हणून त्यावर टाइप केलं. बरोबर! मग तेच उत्तर मुद्दाम फोनवरून टाकलं. चूक. दोन्ही स्क्रीन शेजारी ठेवून मोठी करून पाहिली, तेव्हा दिसलं. लॅपटॉपवरची रेघ सरळ उभी होती, माझ्या फोनच्या कीबोर्डची किंचित वाकडी, अवतरणचिन्हासारखी. यंत्राला फक्त सरळ रेघ कळत होती. अक्षरं सगळी बरोबर, दिशा बरोबर, रेघ वाकडी म्हणून शून्य.

हे किरकोळ आहे असं मला दोघा-तिघांनी सांगितलं. मला ते किरकोळ वाटत नाही. लॅपटॉप असलेल्याला कधी कळणारसुद्धा नाही की इथे खड्डा आहे. फोनवर शिकणाऱ्या माणसाला मात्र वाटणार की आपलं डोकंच कमी आहे, आणि तो सोडून देणार. मी सोडायच्या बेतात होते. मी दोन्ही स्क्रीनचे फोटो जोडून मदत कक्षाला मेल केला. उत्तर यांत्रिक आलं: ब्राउझर बदलून पाहा. दुसरा मेल केला, तिसरा केला. तिसऱ्याला उत्तरच नाही.

मग ऑक्टोबर आला आणि छाटण्या सुरू झाल्या. आमच्याकडे ऑक्टोबरात मान वर करायला फुरसत नसते. त्यातच छाटणीनंतर पाऊस झाला. मोहाडीचे एक नाना दुकानात आले, हातात पानं. "ताई, तुम्ही सांगितलं तसं औषध बदललं, तरी डावणी हटेना." डावणी म्हणजे द्राक्षाच्या पानांवरचा रोग. पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळे डाग होते, खाली अजून काही नव्हतं. मी म्हटलं, नाना, पानं ठेवून जा. रात्री ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि पिशवी अंधारात ठेवली. सकाळी भिंगातून पाहिलं तर डागांच्या बरोबर मागे, पानाच्या खालच्या अंगाला, पांढरा कापूस उगवला होता. डावणीच. अंधार आणि दमट हवा मिळाली की ती रात्रीत बीजाणू धरते, आणि पानाच्या खालच्या पर्णरंध्रांतून बाहेर येते. पाण्याच्या पातळ थरात तिचे बीजाणू शेपट्यांनी पोहत जाऊन त्याच रंध्रांतून नव्या पानात शिरतात. म्हणून तर फवारा खालून बसावा लागतो. आणि आपण तिला बुरशी म्हणतो खरं, पण खऱ्या बुरशीची पेशीभित्तिका कायटिनची, हिची मुख्यतः सेल्युलोजची. नातं लावायचं तर ती तपकिरी शैवालांच्या जवळची. भुरी हा द्राक्षाचा दुसरा रोग, ती मात्र खरी बुरशी.

नानांची फवारणीची वही मागून घेतली. आधी ॲझॉक्सिस्ट्रॉबीन, आठ दिवसांनी पायराक्लोस्ट्रोबिन, मग पुन्हा ॲझॉक्सिस्ट्रॉबीन. बाटल्यांचे रंग वेगळे, नावं वेगळी, भाव वेगळे. विकलं मीच होतं. मी वही मिटली आणि माझी वही उघडली, चौथा घटक. ही दोन्ही औषधं एकाच जागी घाव घालतात: तिसरा संच, सायटोक्रोम बी. तिथे इलेक्ट्रॉन अडले की एटीपी बंद, आणि जीव मेला. त्या जातीची औषधं मुळात पाइनच्या शंकूंवर उगवणाऱ्या एका छोट्या अळंबीवरून सुचलेली, आणि १९९६पासून बाजारात आहेत. म्हणजे नानांनी औषध बदललं नव्हतं, फक्त बाटली बदलली होती.

मग हटत का नाही, ते सातव्या घटकात होतं. ज्याच्यात माझे चार गुण गेले, त्याच घटकात. सायटोक्रोम बी प्रथिनात १४३व्या जागी ग्लायसिन हे अमिनो आम्ल असतं. डीएनएत त्याचा तीन अक्षरांचा संकेत जी-जी-टी. मधला जी जाऊन तिथे सी आला की जी-सी-टी, आणि ग्लायसिनच्या जागी ॲलानिन. एक अक्षर. आणि पहिल्या घटकांतली जी चित्रं मला नकोशी झाली होती, त्यातच पुढचं होतं: ग्लायसिनच्या बाजूला नुसता हायड्रोजन, ॲलानिनच्या बाजूला एक कार्बन आणि तीन हायड्रोजन. तेवढ्या जास्तीच्या गुच्छामुळे औषधाला बसायला जागा उरत नाही. प्रथिन आपलं काम करत राहतं. फवारलं की बाकीचे जीव मरतात आणि हे उरतात, वाढतात. पुढची त्याच गटाची फवारणी त्यांच्यासाठी मोकळं रान करून देते. नानांच्या बागेत हेच झालं होतं असं लॅबच्या तपासणीशिवाय छातीठोक सांगता येत नाही, पण हा बदल द्राक्षाच्या डावणीत सापडलेला आहे.

मी त्याच आठवड्यात दुकानाच्या फळ्यांवर मार्करनं गटाचे आकडे लिहिले; एकाच जागी घाव घालणाऱ्या औषधांचा गट एक. ॲझॉक्सिस्ट्रॉबीन आणि त्याची भावंडं ११. मेटॅलॅक्सिल ४. डायमेथोमॉर्फ ४०. तांबं आणि मॅन्कोझेब वेगळ्या फळीवर, ती एकाच वेळी अनेक जागी घाव घालतात. बिल करताना गेल्या फवारणीचा आकडा विचारते आणि तोच आकडा परत देत नाही. महागाच्या बाटल्या कमी खपल्या, तो तोटा मी सोसला. नानांना मी ११ बंद करून ४०मधलं औषध मॅन्कोझेबबरोबर दिलं आणि नोझल पानांच्या खालून फिरवायला सांगितलं. दोन दिवस ऊनही पडलं. नवीन पानांवर डाग आले नाहीत.

इथपर्यंतचं मी नोव्हेंबरात लिहून ठेवलं होतं आणि तीन तारे देणार होते. आता त्यात बदल करते. डिसेंबरात त्यांच्याकडच्या एका शिकवणी सहायकाचा मेल आला, माणसानं लिहिलेला. त्यानं माझे फोटो पाहिले होते. चूक मान्य केली, आता दोन्ही प्रकारच्या रेघा चालतात असं कळवलं. मी फोनवरून तपासलं, खरंच चालतात. तेव्हा फोनवर शिकणाऱ्यांनी आता घाबरायचं कारण नाही, बिनधास्त सुरू करा. शिकवणं इतकं मन लावून केलेलं आहे की मी साडेचार तारे देते.

अर्धा मी राखून ठेवलाय. त्याच मेलमध्ये शेवटी होतं की प्रयत्न संपलेले असल्यामुळे जुने गुण बदलता येणार नाहीत. चूक त्यांची, त्यांनी ती मान्य केली, दुरुस्तही केली, मग गुण माझेच का कापलेले राहावेत? उत्तीर्ण व्हायला ६० टक्के लागतात, मला ७८ आहेत, त्यामुळे त्या चार गुणांनी माझं काही अडत नाही. तरी ते माझे आहेत. प्रमाणपत्राचे चार हजार बाजूला काढून ठेवलेत. सातव्या घटकासमोर १५ दिसले की त्याच दिवशी भरीन. दर पंधरा दिवसांनी मेल करते. सहावा काल पाठवला.