6 मिमी कॉम्प्रेशन बिट: प्लायच्या फर्निचरसाठी घ्यावा का?

सीएनसी राउटरवर (संगणकाने चालणाऱ्या कटाई मशीनवर) 18 मिमी प्लायचं कपाट किंवा टेबल कापायचं असेल तर दोन धारांचा, सॉलिड कार्बाइडचा (अख्खा कठीण कार्बाइड धातूचा) हा बिट जरूर घ्यावा. अट एकच: मशीनला पहिल्याच पासमध्ये (कापण्याच्या फेरीत) 6-7 मिमी खोल जाता आलं पाहिजे. हलक्या, लवणाऱ्या मशीनवर त्याचे पैसे वाया जातात.

याचं कारण बिटच्या घडणीत आहे. टोकाकडचा पीळ अपकट असतो, तो तंतू वर ओढतो. त्याच्या वरचा पीळ डाउनकट, तो तंतू खाली दाबतो. प्लायचे वरचा आणि खालचा असे दोन्ही पापुद्रे आत दाबले जातात आणि दोन्ही कडा स्वच्छ निघतात. पण वरच्या पापुद्र्याला डाउनकट भाग लागला तरच. अपकट भाग 5 मिमी आणि पहिला पास 3 मिमी असेल, तर वरच्या कडेला फक्त अपकट धार लागते आणि कपच्या उडतात. पुढचे पास कितीही खोल दिले तरी उडालेला पापुद्रा परत येत नाही.

म्हणून खरेदी करताना धारेच्या एकूण लांबीइतकंच लक्ष अपकट भागाच्या लांबीकडे द्या. 18 मिमी प्लायला 22 मिमी धार पुरते. अपकट भाग मात्र 5 मिमीच्या आसपासच हवा. तो 8 मिमी असेल, तर शेल्फ बसवायची 6 मिमी खोल खाच या बिटने फाटणारच. तशा खाचेला साधा डाउनकट बरा.

पास असे लावा: पहिला 7 मिमी, दुसरा 13 मिमीपर्यंत, शेवटचा शीटच्या खाली 0.3 मिमी. याहून खोल गेलात तर फायदा काही नाही, खालचा एमडीएफचा बेड उगाच पोखरला जातो. 18,000 आरपीएम (मिनिटाला फेरे) आणि दर धारेला 0.15 मिमी चिप (एका फेऱ्यात एक धार कापते ती जाडी) धरली तर फीड, म्हणजे बिट पुढे सरकण्याचा वेग, 5,400 मिमी प्रति मिनिट येतो. मशीनला तो झेपत नसेल तर आरपीएमही कमी करा. 12,000 आरपीएम आणि 0.12 मिमी चिपला 2,880 लागतो. नुसता फीड कमी केला की धार कापायच्या ऐवजी घासते, कड काळी पडते आणि बिट लवकर बोथट होतो.

बिट प्लायमध्ये कुठे उतरवायचा, हे बहुतेक जण विसरतात. बिट रॅम्प करत, म्हणजे पुढे सरकत तिरका, खाली जातो तेव्हा सुरुवातीला अपकट भागच वरच्या कडेला लागतो. रॅम्प कापायच्या तुकड्याच्या रेषेवर दिला की नेमकी तिथे कुसळं उभी राहतात. तो टाकाऊ बाजूला द्या आणि पूर्ण खोली गाठल्यावरच रेषेवर या. आरपार खाचेत मधोमध गोल फिरत उतरा.

या बिटचा खरा तोटा भुशाचा. अपकट वर फेकतो, डाउनकट खाली ढकलतो, त्यामुळे अरुंद चरात भुसा कोंडतो आणि तापतो. डस्ट कलेक्टर जोडल्याशिवाय हा बिट चालवू नका. धूर दिसला तर मशीन थांबवा आणि कलेक्टरची पिशवीही तपासा, कारण ठिणगी आत ओढली गेली असेल तर ती तिथे बराच वेळ धुमसत राहते.

बसवताना बिटच्या दांड्याच्या मापाचाच कोलेट (दांडा आवळून धरणारी चीर असलेली नळी) वापरा. 6.35 मिमीचा दांडा 6 मिमीच्या कोलेटमध्ये कोंबू नका. ईआर (या प्रकारचा) कोलेट आधी नटमध्ये टक्‌ करून बसवायचा, मग स्पिंडलवर (बिट फिरवणाऱ्या मोटरच्या दांड्यावर) चढवायचा. हे उलट केलं तर बिट लडबडतो आणि खाच मापापेक्षा रुंद येते.

प्लायवर 18 मिमी छापलेलं असलं तरी कॅलिपरने मोजा, बऱ्याचदा 17.5 च्या आसपास भरतं. खाच मोजलेल्या जाडीपेक्षा 0.15 ते 0.2 मिमी रुंद ठेवा आणि आधी टाकाऊ तुकड्यावर कापून बघा.

धार आधी झिजते ती गोंदाच्या थरांपाशी, कारण तो गोंद लाकडापेक्षा कठीण असतो. कापलेल्या कडेवर थरागणिक बारीक उंचवटे हाताला लागू लागले की बिट बदला किंवा धार लावून घ्या. धार लावल्यावर व्यास कमी होतो. तो मोजून टूलपाथच्या (बिटचा मार्ग आखणाऱ्या) सॉफ्टवेअरमध्ये टाकला नाही, तर खाचा अरुंद होतात आणि सांधे बसत नाहीत.