शंभराच्या वर आकडा नाही : दहा दिवसांचे विपश्यना शिबिर, एका भूलतज्ज्ञाच्या नजरेतून

माणसाची शुद्ध हरपवणे आणि ती सुखरूप परत आणणे हा माझा गेल्या सव्वीस वर्षांचा व्यवसाय आहे. आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये एका मॉनिटरवर रुग्णाच्या मेंदूतील विद्युतलहरींवरून काढलेला एक आकडा सतत दिसत असतो. पूर्ण जागा माणूस शंभराच्या आसपास असतो, शस्त्रक्रियेपुरती भूल चढली की आकडा 40 ते 60 च्या दरम्यान येतो, आणि मेंदूची विद्युत हालचाल पार थंडावली की शून्य. शंभराच्या वर आकडाच नाही. त्यामुळे ‘जाणिवेची उच्च अवस्था’ असे कोणी म्हटले की उच्च म्हणजे कशाच्या वर, आणि ते मोजले कोणी, हे दोन प्रश्न माझ्या तोंडून आपसूक निघतात. हे प्रश्न घेऊनच मी गेल्या हिवाळ्यात सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतील दहा दिवसांच्या शिबिराला जाऊन आले. केंद्र महाराष्ट्रातलेच आहे. त्याचे नाव देत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत, आणि शिकवण्याची पद्धत या परंपरेच्या सर्व केंद्रांत एकच असल्याने नावावाचून वाचकाचे काही अडणार नाही.

मी देव मानत नाही आणि पुनर्जन्मही मानत नाही. तरीही हेच शिबिर निवडण्याचे एक कारण गोएंकांच्या चरित्रात आहे. 1924 साली मंडाले येथे जन्मलेल्या या व्यापाऱ्याला तीव्र अर्धशिशीचा त्रास होता आणि त्यासाठी त्यांना मॉर्फीन द्यावे लागत असे. त्याचे व्यसन जडेल या भीतीपोटी त्यांनी इतर उपाय शोधले, आणि अखेरीस ते ऊ बा खिन या गृहस्थाकडे पोहोचले, जे ध्यानाचे आचार्य तर होतेच, पण स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापालही होते. मॉर्फीनला कंटाळलेला व्यापारी आणि हिशेब तपासणारा गुरू, ही जोडी मला हिमालयातून उतरलेल्या कोणत्याही महाराजांपेक्षा अधिक भरवशाची वाटली. गोएंका 1969 साली भारतात आले आणि 1976 मध्ये इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र सुरू झाले. आज शिबिरात शिकवतो तो त्यांचा ध्वनिमुद्रित आवाजच, समोर बसलेले सहायक आचार्य केवळ शंकांना उत्तरे देतात.

दिनक्रम अनेकांना ऐकून ठाऊक असेल. पहाटे चारला घंटा, साडेचारला पहिली बैठक, अकराला जेवण, पाचला नव्या साधकांना चहा, फळ आणि मूठभर कुरमुरे, सातला प्रवचन आणि साडेनऊला दिवे बंद. फोन, पुस्तक, कागद, पेन सारे पहिल्याच संध्याकाळी जमा होते आणि दहाव्या दिवसापर्यंत आर्य मौन, म्हणजे इतर साधकांशी बोलणेही नाही आणि खाणाखुणाही नाहीत, पाळायचे असते. दिवसाकाठी दहा तासांहून अधिक बसणे होते. शुल्क नाही. शिबिर पूर्ण केल्यावर इच्छा असेल तर दान द्यायचे, आणि ज्याने शिबिर केलेले नाही त्याच्याकडून दान घेतच नाहीत. हा नियम मला मनापासून आवडला. जेवण साधे पण ताजे होते. गरम पाण्याची वेळ मात्र अशी होती की रांगेत चौथ्या असलेल्या बाईंना ते कोमटच मिळे.

पहिले साडेतीन दिवस आनापान, म्हणजे नैसर्गिक श्वासाकडे आणि पुढे नाकपुडीखालच्या वरच्या ओठाएवढ्या जागेकडे लक्ष ठेवणे. यात कोणताही मंत्र नाही, रूप नाही, कल्पना नाही. इथे धर्मनिरपेक्ष माणसाला अडण्यासारखे काहीच नाही, अडते ते लक्ष. तासाभरात माझे मन अर्जंट सिझेरियनपासून गॅसच्या नंबरापर्यंत कुठेकुठे हिंडून आले, आणि प्रत्येक वेळी ‘आपण भरकटलो’ हे बऱ्याच उशिरा ध्यानात आले. मेंदूशास्त्रात याला आधार आहे. माणूस ठरावीक कामात नसतो तेव्हा मेंदूतील काही भाग मिळून अधिक सक्रिय राहतात, असे मार्कस रेकल यांनी 2001 साली मांडले आणि त्या जाळ्याचा संबंध पुढे स्वतःविषयीच्या विचारांशी व मनाच्या भटकण्याशी जोडला गेला. 2011 मधील एका अमेरिकी अभ्यासात अनुभवी साधकांमध्ये ध्यानाच्या वेळी या जाळ्याच्या मुख्य भागांची सक्रियता कमी आढळली. तिसऱ्या दुपारी मला जे जाणवले ते याच्याशी जुळते, एवढेच म्हणता येईल. वरच्या ओठावर मुंगी चालल्यासारखी गुदगुली सुरू झाली आणि काही मिनिटे डोक्यातला निवेदक गप्प झाला. तो गप्प झाल्यावरच तो दिवसभर किती बोलतो हे कळले.

चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगभर लक्ष फिरवत मिळेल ती संवेदना तटस्थपणे पाहणे, शिकवतात आणि त्यानंतर दिवसातून तीनदा अधिष्ठानाची बैठक असते. तासभर डोळे उघडायचे नाहीत, हात आणि पाय हलवायचे नाहीत. सहाव्या दिवशी दुपारी अडीचच्या बैठकीत माझा डावा गुडघा पंचविसाव्या मिनिटाला पेटला. वेदना हा माझा धंद्याचा विषय आहे. मी रुग्णांना शून्य ते दहा या पट्टीवर आकडा विचारते, आणि त्या क्षणी माझा आकडा आठ होता. सूचनेप्रमाणे पळून न जाता तिथेच पाहत राहिल्यावर त्या आठाचे तुकडे पडले. एक खोल दाब होता, एक जळजळ होती, एक ठोका होता जो नाडीबरोबर येत होता, आणि या तिघांच्या भोवती एक जाड थर होता तो भीतीचा, की सांधा कायमचा जाईल आणि उद्या थिएटरमध्ये उभे राहता येणार नाही. भीतीचा थर विरला तेव्हा उरलेली वेदना चार होती. गुडघा तोच, नसा त्याच. फादेल झेदान यांच्या 2011 सालच्या छोट्या प्रयोगात अवघ्या चार दिवसांच्या प्रशिक्षणानंतर वेदनेची तीव्रता सरासरी 40 टक्क्यांनी, तर तिचा नकोसेपणा 57 टक्क्यांनी कमी नोंदवला गेला. त्यांच्याच 2016 मधील प्रयोगात नॅलोक्सोन दिल्यावरही हा आराम टिकला. मॉर्फीनचा परिणाम पुसणारे हे औषध मी नेहमी हाताशी ठेवते, म्हणून या निष्कर्षाचे मोल मला अधिक वाटते, कारण ध्यानाचा आराम शरीरातील अफूसदृश द्रव्यांवर अवलंबून नसावा असे त्यावरून दिसते.

लोक ज्यासाठी जातात ते मला आठव्या दिवशी सकाळी मिळाले. मांडीवर एकात एक ठेवलेले हात कुठे आहेत ते कळेनासे झाले. मग खांदे गेले, मग बैठकीचा स्पर्श गेला. उरले ते सर्वत्र सारखे, बारीक थरथरणारे असे काही, ज्याला कडा नव्हती. ‘मी’ त्याला पाहत होते असे म्हणणेही नेमके ठरणार नाही, कारण पाहणारी वेगळी सापडत नव्हती. हे किती वेळ चालले ते सांगता येत नाही, घंटा झाली तेव्हा गालांवर पाणी होते. आपल्या संतवाङ्मयात अशा स्थितींसाठी तुर्या, उन्मनी असे शब्द तयारच आहेत, आणि मी ते नाकारत नाही, पण ते शब्द घेतले की त्यांच्यामागचे तत्त्वज्ञानही न विचारता घरात येते.

मला त्या वेळी आठवले ते आमचे स्पायनलचे, म्हणजे पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केलेले पण जागे असलेले रुग्ण. मूळव्याधीच्या शस्त्रक्रियेसाठी पाय वर टांगलेले असतात, काम झाल्यावर आम्ही ते खाली सरळ ठेवतो, आणि रुग्ण म्हणतो, ‘‘मॅडम, पाय खाली घ्या की आता.’’ पायांकडून खबर येणे थांबले की मेंदू शेवटचा नकाशाच खरा मानत राहतो. न हललेल्या हातांचेही काहीसे असेच होत असावे, कारण स्थिर स्पर्शाची वर्दी मज्जातंतू हळूहळू देईनासे होतात आणि देहाची कडा धूसर होते. देहाचा आकार ही मेंदूने चालू ठेवलेली एक मांडणी आहे, हे मी पुस्तकात शिकले होते आणि इतरांच्या शरीरांवर रोज पाहत होते. स्वतःच्या बाबतीत, पूर्ण शुद्धीत आणि कोणत्याही औषधाविना, ते पहिल्यांदा अनुभवले. माझ्या मते या शिबिराची खरी किंमत इथे आहे.

अडचण सुरू होते ती संध्याकाळच्या प्रवचनात. गोएंका बोलतात गोड, विनोद उत्तम आणि गोष्टी रंगवून सांगतात. पहिल्या दिवशी हे सांप्रदायिक नाही असे बजावून सांगतात, आणि पुढे पुढे कलाप नावाचे सूक्ष्म कण क्षणोक्षणी उपजतात व विरतात, त्यांची प्रत्यक्ष अनुभूती साधकाला होते, जुने संस्कार संवेदनांच्या रूपाने वर येऊन झडतात, असे सारे येते, आणि त्याला आधुनिक भौतिकशास्त्राचा दाखलाही जोडला जातो. मला जाणवलेली थरथर ही अणूंची नसून मज्जासंस्थेची होती, यात मला शंका नाही. त्वचेला कणभौतिकी कळत नाही. आणि अनुभवाला आलेली खात्री हा त्या अनुभवाच्या अर्थाचा पुरावा नव्हे, हे भूलतज्ज्ञाइतके कोणाला ठाऊक असणार? ग्रामीण रुग्णालयात असताना केटामाइन या औषधाच्या भुलीतून बाहेर आलेल्या एका आजींनी मला खडसावले होते, ‘‘विठोबाच्या पायाशी होते गं, कशाला उठवलंस?’’ अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी तर नायट्रस ऑक्साइड, म्हणजे आमचाच हसवणारा वायू, स्वतः हुंगून पाहिला होता, आणि 1902 साली गूढानुभवाची लक्षणे सांगताना शब्दातीतता, क्षणिकता आणि आपोआप घडण्याचा भाव यांच्याबरोबर ‘काही तरी ज्ञान झाले’ ही प्रचिती त्यांनी नोंदवली. प्रचिती हे लक्षण आहे, तपासणीचा अहवाल नव्हे.

प्रयोगशाळेनेही अद्याप कौल दिलेला नाही. दिल्लीच्या एम्समध्ये आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनी 1961 साली योग्यांचे मेंदूआलेख काढले, तेव्हा समाधीत आवाज, प्रकाश, चटका यांनी अल्फा लहरी, म्हणजे शांत जागेपणी मेंदूत दिसणाऱ्या आणि एरवी दचकताच मोडणाऱ्या लहरी, मोडल्या नाहीत, आणि दोघा योग्यांनी 4 अंश सेल्सियसच्या पाण्यात पाऊण तासाहून अधिक वेळ हात ठेवला असतानाही त्या टिकल्या. जपानमध्ये कासामात्सू आणि हिराई यांना 1966 साली झेन साधकांत उलट दिसले, प्रत्येक टिकटिकीला मेंदू पहिल्यासारखाच दाद देत होता. एकाने दार बंद केले, दुसऱ्याने ते सताड उघडे ठेवले, असे हे सुंदर चित्र होते, पण 1981 मध्ये अमेरिकेत बेकर आणि शापिरो यांनी काटेकोर तपासणी केली तेव्हा गटागटांत तसा फरक आढळला नाही. ‘विज्ञानाने सिद्ध केले आहे’ असे शिबिराबाहेर चहाच्या टपरीवर जे ऐकू येते, त्याला हा इतिहास माहीत नसतो.

आता तक्रारी. पहिली किरकोळ आहे : ध्वनिक्षेपक इतका फुटका होता की पहाटेच्या पठणातील पाली शब्द भांडी घासल्यासारखे येत. दुसरी गंभीर आहे. सातव्या रात्री माझ्या शेजारच्या खोलीतील एक तरुण मुलगी झोपेविना येरझारा घालत होती, आणि आपले शरीर आपले राहिलेले नाही असे घाबरून सांगत होती. धम्मसेविका प्रेमळ होत्या, पण त्यांच्यापाशी सांगण्यासारखे एकच होते, की हा संस्कार वर येतो आहे, बघत राहा. मी मौन मोडून ओळख सांगितली, तिच्याजवळ बसले, आणि सकाळी तिला घरी पाठवावे म्हणून आग्रह धरला. तिला पाठवले, पण दुपारनंतर. मला ज्या स्थितीत डोळ्यांतून पाणी आले, जवळपास त्याच स्थितीत ती भेदरली होती. देहाची कडा पुसली जाणे सुखाचे वाटेल की भयाचे, हे आधी सांगता येत नाही. ब्राउन विद्यापीठातील संशोधकांनी 2017 साली साधकांच्या मुलाखतींवरून निद्रानाश, भीती, स्वत्व हरवल्याची भावना अशा त्रासांची तपशीलवार नोंद प्रसिद्ध केली आहे. अर्जात मानसिक आजाराविषयी विचारतात हे खरे, परंतु शंभरावर माणसे दहा दिवस मौनात बसवायची तर रात्री फोनवर उपलब्ध असणारा एक मानसोपचारतज्ज्ञ ठेवणे अवघड नसावे. भूल देताना आम्ही रुग्णाशेजारून हलत नाही, इथेही तसेच काही हवे.

म्हणून माझा सल्ला असा : मन स्थिर असेल, स्वतःला वा घरात कोणाला तीव्र मानसिक आजार झालेला नसेल, आणि दहा दिवस गुडघ्यांशी वाटाघाटी करण्याची तयारी असेल, तर नास्तिकाने अवश्य जावे. प्रवचन कथा म्हणून ऐकावे आणि बैठक प्रयोग म्हणून करावी. गुडघ्याचा त्रास असेल तर खुर्ची पहिल्याच दिवशी मागावी, मला ती मागूनही पाचव्या दिवशी मिळाली आणि तोवर मी हट्टाने खालीच बसायचे ठरवले होते. पद्धतीला पाचांपैकी साडेचार, प्रवचनातील विज्ञानाला दीड आणि रात्रीच्या देखरेखीला एक गुण देते.

परतल्यावर पहिल्याच सोमवारी मूळव्याधीचे एक आजोबा होते. काम संपले, पाय खाली ठेवले, आणि ते नेहमीचे वाक्य आले. एरवी मी ‘खालीच आहेत हो’ म्हणून मोकळी होते. त्या दिवशी विचारले, नेमके कुठे वाटतात? आजोबांनी डोळे मिटले, बराच वेळ शोधले आणि म्हणाले, ‘‘बघायला गेलं तर कुठंच नाहीत की.’’ मॉनिटरवर आकडा 97 होता.