स्कोफिल्ड बायबल काही महिने वापरल्यावर: अमेरिकन राजकारण कळायला उपयोगी, पण तळटिपा सांभाळून

आधीच सांगतो, भक्तीसाठी कुठलं बायबल घ्यावं असा प्रश्न असेल तर हा रिव्ह्यू तुमच्या कामाचा नाही. त्यासाठी आपलं मराठी पवित्र शास्त्र आहे, घरोघरी आहे, प्रश्नच नाही. मी स्कोफिल्ड रेफरन्स बायबल घेतलं ते वेगळ्या कारणाने. डॅलसला राहायला आल्यापासून बघतोय, इथे माणसं पेट्रोलचे भाव, इराण, निवडणूक, काहीही बोलता बोलता एकदम बायबलातल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकावर, अध्याय ३८ वर जातात, आणि ते इतक्या सहज की जणू हवामानाचा अंदाज सांगतायत. मी नगरचा, मिशन कंपाउंडात वाढलेला, संडे स्कूल वगैरे सगळं रीतसर झालेलं, तरी हे असलं बायबल आमच्याकडे कोणी शिकवलं नव्हतं. मग कोणीतरी म्हणालं की बाबा, हे सगळं येतं कुठून बघायचं असेल तर स्कोफिल्ड वाच. एका चर्चच्या जुन्या पुस्तकांच्या सेलमध्ये १९१७ ची आवृत्ती मिळाली, नंतर १९६७ ची पण घेतली, आणि तेव्हापासून दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी उघडी असतात.

वस्तू म्हणून काय आहे ते थोडक्यात. वचन किंग जेम्सचंच, म्हणजे त्या नावाच्या जुन्या इंग्रजी भाषांतरातलं. मधे एक बारीक कॉलम, त्यात हे वचन अमुक ठिकाणी जोडा, ते तमुक ठिकाणी जोडा असे क्रॉस रेफरन्स. प्रत्येक भागाला छापील मथळे. आणि पानाच्या तळाशी सायरस स्कोफिल्डच्या टिपा. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने १९०९ मध्ये पहिल्यांदा काढलं, १९१७ ला सुधारून काढलं, लाखो प्रती खपल्या. जुन्या आवृत्तीत सृष्टीची उत्पत्ती ख्रिस्तपूर्व ४००४ हे साल पण आहे, १९६७ वाल्यांनी ते काढून टाकलं.

गोम त्या तळटिपांमध्येच आहे. आधी बायबलवरचं भाष्य बहुतेक वेगळ्या ग्रंथात असायचं, पाळकाच्या (पास्टरच्या) कपाटात. इथे वचन आणि त्याचा अर्थ एकाच पानावर, एकाच चामडी कव्हरात. शाळेत आपण धडा न वाचता गाईड वाचून पेपर लिहायचो आणि नंतर आपल्यालाच आठवायचं नाही की हे वाक्य धड्यातलं की गाईडातलं, तेच इथे दोन-तीन पिढ्यांचं झालंय. मी स्वतः काही आठवडे मुद्दाम टीप आधी आणि वचन नंतर असं वाचून बघितलं, आणि खरंच, नंतर वचन कोरं वाचताच येत नाही.

स्कोफिल्ड हा माणूस पण इंटरेस्टिंग आहे. जन्म १८४३, यादवी युद्धात दक्षिणेकडून लढला, मग कॅन्ससमध्ये वकिली, राजकारण, सरकारी वकिलाचं पद, तिथून भानगडीत बाहेर, पुढे १८८३ ला पहिल्या बायकोशी घटस्फोट. १८७९ च्या सुमाराला सेंट लुईसमध्ये तारण झालं, म्हणजे ख्रिस्ताकडे मन वळलं, आणि १८८२ ला तो इथे डॅलसलाच पाळक म्हणून आला. सेमिनरीचं, म्हणजे पाळक तयार करणाऱ्या कॉलेजचं, शिक्षण शून्य. त्याचा चेला लुईस स्पेरी चेफर याने १९२४ मध्ये इथेच सेमिनरी काढली, ती आजची डॅलस थिऑलॉजिकल सेमिनरी, आणि तिथून शिकून बाहेर पडलेल्या पाळकांनी हे सगळं अमेरिकाभर नेलं.

सिस्टीम मात्र त्याची स्वतःची नाही, मूळ जॉन नेल्सन डार्बीची, प्लिमथ ब्रदरेन या पंथाचा, १८०० ते १८८२. देवाने मानवाशी सात युगांत सात प्रकारे व्यवहार केला असं त्यात धरलंय, निर्दोषतेच्या युगापासून राज्याच्या युगापर्यंत, आणि आपण सहाव्यात, कृपेच्या. खरी कळ दानीएल ९ मध्ये आहे. तिथे सत्तर सप्तकं आहेत, म्हणजे ४९० वर्षं. त्यातली एकोणसत्तर ख्रिस्तापर्यंत संपली आणि तिथे देवाने घड्याळ थांबवलं म्हणे, आणि मंडळीचा (चर्चचा) हा सगळा दोन हजार वर्षांचा काळ म्हणजे मधला कंस. शेवटचं सप्तक, सात वर्षं, अजून बाकी. आधी विश्वासणारे वर उचलले जाणार (१ थेस्सलनीकाकरांस ४:१७), मग ख्रिस्तविरोधी, महासंकट, हर्मगिद्दोनची शेवटची लढाई, मग येशूचं येणं आणि हजार वर्षांचं राज्य. आता हे थांबलेलं घड्याळ सुरू व्हायचं तर यहुदी लोक त्यांच्या देशात परत हवेत. झालं, इथून धर्मशास्त्र संपतं आणि परराष्ट्र धोरण सुरू होतं. वचनात मात्र घड्याळ थांबल्याचं कुठेही लिहिलेलं नाही, हे मी तीनदा-चारदा पुन्हा वाचून सांगतोय.

सगळ्यात जास्त वापर झाला तो उत्पत्ती १२:३ चा. देव अब्रामाला (हाच पुढे अब्राहाम, यहुद्यांचा मूळपुरुष) म्हणतो, तुला आशीर्वाद देतील त्यांना मी आशीर्वाद देईन, तुला शाप देतील त्यांना शाप देईन, आणि तुझ्याद्वारे पृथ्वीवरची सगळी कुळं आशीर्वाद पावतील. एवढंच. १९१७ ची टीप त्याला जोडते की यहुद्यांचा छळ करणाऱ्या लोकांचं नेहमी वाईट झालं, त्यांना सांभाळणाऱ्यांचं भलं झालं, आणि पुढे हे आणखी ठळक दिसेल. तेव्हा इस्रायल नावाचं राष्ट्र नव्हतंच, आणि रशियात यहुद्यांच्या कत्तली होत होत्या, त्यामुळे ती टीप वाचून राग येत नाही, खरं सांगायचं तर बरंच वाटतं. १९६७ च्या टिपेत मात्र भाषा राष्ट्रांवर आली, की यहुदीद्वेषाचं पाप करणाऱ्या राष्ट्रावर न्याय अटळ आहे. तिथून वाचणाऱ्याने आणखी एक उडी स्वतःच मारली, राष्ट्राने आशीर्वाद द्यायचा म्हणजे शस्त्रं द्यायची, आणि इस्रायल म्हणजे जेरुसलेममध्ये आज जे सरकार बसलंय ते. जून २०२५ मध्ये आमच्या टेक्सासचे सिनेटर टेड क्रूझ यांनी पत्रकार टकर कार्लसनने घेतलेल्या मुलाखतीत हेच सांगितलं, लहानपणी संडे स्कूलमध्ये शिकलो की इस्रायलला आशीर्वाद देणाऱ्याला आशीर्वाद मिळतो. कार्लसनने विचारलं हे बायबलात कुठे आहे, तर क्रूझना जागा सांगता येईना. मुलाखत बघताना माझ्यासमोर दोन्ही आवृत्त्या उघड्या होत्या, त्यामुळे मला कुठे आहे ते लगेच दिसत होतं, वचन वर आणि त्यांचं वाक्य खाली. आणि प्रेषित पौल गलतीकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात अब्राहामाचं संतान म्हणजे ख्रिस्त असं चक्क म्हणतो, त्याचं आमच्या बुधवारच्या स्टडी ग्रुपमध्ये कोणी नावच काढत नाही. मी काढलं. एक अंकल म्हणाले, "ते आत्मिक अर्थाने आहे." मग उत्पत्तीतलं शब्दशः कसं काय, तर त्यावर कॉफी आली.

दुसरं यहेज्केल ३८, ३९. गोग, मागोग, मेशेख, तुबाल, म्हणजे उत्तरेकडून इस्रायलवर चालून येणारे शत्रू. टीप म्हणते, रोख मुख्यतः रशियाच्या पुढारीपणाखालच्या उत्तरेकडच्या युरोपीय सत्तांवर आहे यावर सगळ्यांचं एकमत आहे. सगळ्यांचं! मेशेख म्हणजे मॉस्को आणि तुबाल म्हणजे तोबोल्स्क, का तर कानाला तसं लागतं. असिरियन लेखांत मुश्की आणि ताबाल ही नावं येतात आणि ती माणसं आजच्या तुर्कस्तानात होती, पण ते खाली छापलेलं नाही. झारचा रशिया असताना लिहिलेली ही टीप बोल्शेविक आल्यावर तर चपखलच बसली, आणि शीतयुद्धात तिला सोन्याचे दिवस आले. रोनाल्ड रेगन गव्हर्नर असताना १९७१ मध्ये एका जेवणात हीच मांडणी करत होते असं कॅलिफोर्निया राज्याच्या सिनेटमधले जेम्स मिल्स यांनी नंतर लिहिलं. ऑक्टोबर १९८४ च्या अध्यक्षीय डिबेटमध्ये पत्रकार मार्विन काल्बने रेगनना थेट हर्मगिद्दोनबद्दल विचारलं, न्यूक्लिअर बटण हातात असलेल्या माणसाला, तर ते म्हणाले की ते हजार वर्षांनी आहे की परवा हे कोणालाच माहीत नाही आणि त्यानुसार प्लॅन करा असं मी कधी म्हटलेलं नाही. आणि हाच माणूस १९८७ मध्ये गोर्बाचेव्हबरोबर बसून मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रं रद्द करायचा करार करतो. गोगबरोबर तह!

म्हणून जे लोक म्हणतात की इव्हँजेलिकल (बायबलच अंतिम मानणाऱ्या प्रोटेस्टंट) लोकांना जगाचा शेवट घडवून आणायचाय म्हणूनच अमेरिका असं वागते, त्यांनाही हे बायबल वाचून फार मटेरियल मिळणार नाही. रेगन यांचे मंत्री जेम्स वॉट यांचं उदाहरण घ्या, प्रभू येणारच आहे तर जंगलं कशाला राखायची असं ते म्हणाले असं छापून यायचं. १९८१ मध्ये अमेरिकन संसदेसमोर ते म्हणाले होते की प्रभू येईपर्यंत किती पिढ्या आहेत मला माहीत नाही, पण जेवढ्या असतील तेवढ्यांसाठी साधनसंपत्ती राहील असं सांभाळायला हवं. झाडांबद्दलचं वाक्य त्यांच्या तोंडी घातलेलंच होतं, ते वापरल्याबद्दल पत्रकार बिल मॉयर्स यांनी २००५ मध्ये माफी मागितली. आणि प्यू रिसर्चच्या २०२२ च्या सर्व्हेत ३९ टक्के अमेरिकन म्हणाले की आपण अंतकाळात जगतोय, इव्हँजेलिकलांत ६३ टक्के, पण कृष्णवर्णीयांच्या परंपरागत प्रोटेस्टंट चर्चमध्ये ७६ टक्के, आणि ती मंडळी बहुतेक डेमोक्रॅट्सना मत देतात. म्हणजे अंतकाळावर विश्वास असला की मत कुठे जाणार हे ठरलेलं नसतं. फरक पडतो तो संघटनेने. अंतकाळाच्या वचनातून मतदारयादी, बस, ईमेल, वॉशिंग्टनमधला ऑफिसवाला माणूस इथपर्यंत कोण नेतं, त्यावर सगळं आहे.

ते काम जुनं आहे. स्कोफिल्डच्याही आधी, १८९१ मध्ये विल्यम ब्लॅकस्टोनने अमेरिकेचे अध्यक्ष हॅरिसन यांना अर्ज दिला की पॅलेस्टाइन यहुद्यांना मिळावं, त्यावर ४१३ सह्या, त्यात रॉकफेलर आणि जे. पी. मॉर्गन. आता रॉकफेलर काही दानीएलची सप्तकं मोजत बसला नसणार. १९७९ ला पाळक जेरी फॉलवेलने मॉरल मेजॉरिटी ही राजकीय संघटना काढली, २००६ ला सॅन अँटोनियोच्या जॉन हॅगीने ख्रिश्चन्स युनायटेड फॉर इस्रायल. १४ मे २०१८ ला अमेरिकेची एम्बसी जेरुसलेमला गेली तेव्हा सुरुवातीची प्रार्थना डॅलसचे पाळक रॉबर्ट जेफ्रेस यांची आणि शेवटची हॅगींची. मी त्याचा व्हिडिओ आता पुन्हा बघितला, टिपांसकट, आणि आधी नुसती लांबलचक वाटलेली प्रार्थना ओळीओळीने कळत गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये टेक्सासहून पाच तांबड्या कालवडी विमानाने इस्रायलला नेल्या, कारण गणना १९ प्रमाणे शुद्धीकरणाला तांबडी कालवड लागते आणि त्याशिवाय यहुद्यांचं जेरुसलेममधलं तिसरं मंदिर नाही. मंदिराची जागा कुठली म्हणाल तर अल अक्सा मशिदीचं आवार आहे तीच. जानेवारी २०२४ मध्ये हमासच्या प्रवक्त्याने भाषणात त्या कालवडींचा उल्लेख केला. इथल्या गोठ्यातली गाय तिकडच्या युद्धाच्या भाषणात, आणि दोन्ही बाजूंना ती खरी वाटते!

आता काय नाही या बायबलात. तिथले ख्रिस्ती नाहीत. बेथलेहेम, रामल्ला, नासरेथमध्ये पिढ्यानपिढ्या मंडळ्या आहेत, त्यांच्यासाठी या टाइमटेबलमध्ये जागाच नाही. २००६ मध्ये जेरुसलेमच्या लॅटिन पॅट्रिआर्कसह चार चर्चच्या प्रमुखांनी ख्रिश्चन झायोनिझम, म्हणजे बायबलचा आधार देऊन इस्रायलला पाठिंबा देणं, ही चुकीची शिकवण आहे असं जाहीर निवेदन काढलं, माझ्या ग्रुपमध्ये ते कोणी ऐकलेलं नव्हतं. आणि यहुद्यांवरचं हे प्रेमही शेवटी कसलं, जखऱ्या १३:८ लावून दोन तृतीयांश महासंकटात मरणार आणि उरलेले येशूला मानणार. अलिबाग-रेवदंड्याकडचे बेने इस्रायल, जे १९४८ नंतर तिकडे गेले आणि तिथे अजून मराठी बोलतात, त्यांचा हिशोबही याच दोन तृतीयांशात धरायचा का? हे विचारल्यावर अंकल गप्प झाले, माणूस वाईट नाही.

आमच्या नगरकडे हे का नव्हतं याचंही उत्तर थोडं सापडलं. अमेरिकन मराठी मिशनचे लोक आले ते डार्बीचं काही ऐकण्याआधी, १८३१ पासून नगरात, आणि त्या काळच्या त्यांच्या पंथात जग हळूहळू सुधारत जाऊन देवाचं राज्य येईल अशीच हवा होती. ज्याला जग सुधारणार असं वाटतं तो शाळा काढतो. सावित्रीबाईंनी ज्यांच्याकडे शिक्षिकेचं ट्रेनिंग घेतलं त्या सिंथिया फरार बाई याच मिशनच्या. स्कोफिल्डची सुधारित आवृत्ती आली त्याच १९१७ मध्ये रेव्हरंड टिळकांनी साताऱ्यात देवाचा दरबार काढला, तेही देवाचं राज्यच, पण त्यात नकाशे आणि सैन्यं नव्हती. अर्थात आता युट्युबमुळे नगरच्या मावशीसुद्धा मला चिप आणि ६६६ चे व्हिडिओ पाठवतात, आणि तिकडे मिझोराममध्ये काही ख्रिस्ती गटांनी आधार नंबरच बायबलातल्या श्वापदाचा (६६६ हा त्याचाच आकडा) म्हणून नाकारला होता, तेव्हा आपल्याकडे हे नाहीच असं म्हणता येणार नाही.

पाचपैकी तीन स्टार. क्रॉस रेफरन्ससाठी चार दिले असते, ते खरंच मेहनतीने केलेत आणि मी प्रवचन ऐकताना अजून वापरतो. बातम्या समजून घ्यायला घेणार असाल तर १९१७ चीच घ्या, तिच्या टिपा कॉपीराइटमधून सुटल्यात म्हणून ऑनलाइन फुकट मिळतात, फोनवर पण चालतात. १९६७ ची फक्त तुलनेला, लायब्ररीतून आणली तरी पुरते. आणि बायबल पहिल्यांदाच वाचणार असाल तर कृपा करून यातून सुरुवात करू नका, साधं, बिनटिपांचं घ्या. घरच्यांना हे भेट द्यायचा विचार तर बिलकुल करू नका, मावशीने मागितलंय, मी विषय बदललाय.