बीएमडब्ल्यू झेड४ (ई८९), मॉडेल २०१० : इंदुरातील वापरानंतरचा अनुभव

जुनी स्पोर्ट्स कार विकत घ्यायला निघालेला माणूस जाहिरातीत सर्वांत आधी मीटरवरचा आकडा पाहतो. गाडी कमी चाललेली असली की विकणाऱ्याचा भाव चढतो आणि घेणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. २०१० सालची झेड४ एसड्राइव्ह३५आय एक हिवाळा, एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की पंधरा वर्षांच्या गाडीबाबत हा आकडा फारसे काही सांगत नाही. इंजिनातील धातू किलोमीटरने झिजतो. परंतु अशी गाडी रस्त्यात उभी करणारे भाग बहुतेक करून रबराचे आणि प्लास्टिकचे असतात. ते वयाने आणि उष्णतेने जातात, मग गाडी रोज चालवा किंवा कव्हर घालून ठेवा. माळव्यासारख्या कडक उन्हाळ्याच्या भागात अशी गाडी घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

झेड४ची ही पिढी ई८९ या सांकेतिक नावाने ओळखली जाते. ती २००९ मध्ये आली आणि २०१६ पर्यंत जर्मनीतील रेगेन्सबुर्ग येथे बनत होती. तिचे बाह्यरूप युलियाने ब्लासी यांनी आणि अंतर्भाग नाद्या अर्नाउट यांनी रेखाटला. लांबलचक बॉनेट, जवळजवळ मागच्या चाकांवर बसवलेला चालक आणि दोन तुकड्यांत दुमडून डिकीत जाणारे ॲल्युमिनियमचे छत ही तिची ओळख. माझ्या गाडीतील एन५४ इंजिन २,९७९ सीसीचे, एका रांगेत सहा सिलिंडर आणि दोन टर्बो असलेले आहे. त्याची ताकद ३०६ अश्वशक्ती असून ४०० न्यूटन मीटरचा टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा जोर, १,३०० पासून ५,००० आरपीएमपर्यंत (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) सलग मिळतो. गिअरबॉक्स सात गिअरचा ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लच असलेला स्वयंचलित, आहे.

कागदावरच्या या आकड्यांपैकी रोजच्या वापरात जाणवतो तो टॉर्क. खंडव्याच्या रस्त्यावर भेरूघाटात पुढे ट्रक असला आणि जागा मिळाली की गिअर न बदलताही गाडी ज्या सहजतेने पुढे निघून जाते, ते समाधान आजच्या पुष्कळ महागड्या एसयूव्हीत मला मिळालेले नाही. धारवरून मांडवगडला जाताना, नोव्हेंबरातल्या सकाळी छत उघडे ठेवून, शेकोट्यांच्या धुराचा आणि ओल्या शेतांचा वास घेत केलेला प्रवास हाच ही गाडी घेण्याचा खरा हेतू होता आणि तो पुरेपूर साध्य झाला. गाडी दीड टनाहून जड आहे, त्यामुळे तीव्र वळणांवर ती हलक्याफुलक्या रोडस्टरसारखी (उघड्या छताच्या दोन आसनी गाडीसारखी) नाचत नाही. तिचा स्वभाव लांब पल्ल्याचा आहे. इंदूरपासून पीथमपूर हाकेच्या अंतरावर आहे आणि तेथे २०२१ मध्ये खुला झालेला ११.३ किलोमीटरचा वेगवान चाचणीमार्ग आहे. ३०६ अश्वशक्तीला खरा न्याय तेथेच मिळावा. आपल्यासाठी सार्वजनिक रस्ते आहेत आणि त्यांवर वेगापेक्षा प्रतिसादाचा आनंद घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

आता देखभालीकडे वळतो, कारण या गाडीची मालकी म्हणजे मुख्यतः देखभालच आहे. गाडी माझ्याकडे आली तेव्हा तिच्या नोंदवहीत इंजिन ऑइल बदलल्याच्या नोंदी होत्या, कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवण्यासाठी आत फिरणाऱ्या पाण्याची, एकही नव्हती. देवास नाक्याकडच्या ज्या गॅरेजमध्ये मी गाडी नेतो, तेथील मुख्य मिस्त्रींना सारे उस्ताद म्हणतात. त्यांनी लिफ्टवर गाडी चढवल्यावर स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातील बिघाड वाचणारे यंत्र, जोडण्याआधी एक काम केले. रेडिएटरकडे जाणारा जाड पाइप अंगठा आणि तर्जनीत धरून दाबला. नवा पाइप दाबला की लगेच पूर्ववत होतो. हा कडक झाला होता, आणि क्लिपजवळ वाकवून पाहिल्यावर बारीक चिरा उघडल्या. मग त्यांनी कूलंटच्या टाकीवर बॅटरीचा उजेड टाकून प्लास्टिकमध्ये उमटलेला एक लहानसा गोल शिक्का दाखवला. त्यात कडेने महिन्यांचे आकडे, मध्ये वर्ष आणि एका महिन्याकडे रोखलेला बाण असतो. शिक्का २०१० चा होता. म्हणजे पंधरा उन्हाळे सोसलेली मूळ टाकी अजून गाडीत होती, आणि कमी चाललेली गाडी म्हणून तिच्याकडे कोणी पाहिलेही नव्हते.

या इंजिनातील पाण्याचा पंप पट्ट्यावर चालत नाही, विजेवर चालतो. गरज असेल तेवढेच पाणी फिरवणारी ही कल्पना उत्तम आहे, पण असा पंप जाताना आधी ठिबकत किंवा कुरकुरत नाही. एखाद्या दिवशी बंद पडतो आणि तापमानाची सूचना येते. म्हणून आमच्या मिस्त्रींच्या सल्ल्यावरून पंप चालू स्थितीत असतानाच बदलला, आणि सोबत थर्मोस्टॅट, टाकी व सगळे पाइप एकदमच बदलले. पंप बसवणारे बोल्ट ॲल्युमिनियमचे असतात आणि एकदा काढल्यावर पुन्हा वापरायचे नसतात; ते नवे मागवल्याची खात्री प्रत्येक मालकाने स्वतः करून घ्यावी. खर्च मोठा झाला, परंतु मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना विजयनगर चौकाच्या गर्दीत एसी लावून उभे राहिल्यावर मन शांत राहिले, याची किंमत मी फार वर लावतो. हा विजेचा पंप आणि रेडिएटरचा पंखा गाडी बंद केल्यावरही काही वेळ फिरत राहतात. आमच्या सोसायटीचा रखवालदार सुरुवातीला धावत येऊन सांगत असे की साहेब, गाडी चालू राहिली आहे. ती उष्णता बाहेर काढण्याची योजनाच आहे, तिला अडवू नये.

पाण्यानंतर ऑइल. ऑइल फिल्टर ज्या ॲल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये बसतो, त्याच्या मागचे गॅस्केट वयाने कडक होते आणि तेल झिरपू लागते. रबराचा हा तुकडा अगदी स्वस्त असतो, पण दुर्लक्ष केले तर तेल खालच्या पट्ट्यावर पडते, पट्टा फाटतो आणि त्याचे धागे क्रँकच्या सीलमधून इंजिनात ओढले जाऊ शकतात. माझ्या गाडीत नुकती ओल दिसू लागली होती, तेवढ्यातच गॅस्केट बदलले. व्हॉल्व्ह कव्हरचेही तसेच. गाडी थांबवल्यावर बॉनेटखालून जळक्या तेलाचा वास आला तर ते आधी तपासावे. या इंजिनाला ऑइल मोजायची दांडी नाही, पातळी पडद्यावरच पाहावी लागते, आणि त्यासाठी इंजिन पुरते गरम असावे लागते. ऑइल साडेसहा लिटर लागते आणि ते कंपनीच्या एलएल-०१ मानकाचेच असावे. कंपनीने दिलेली ऑइल बदलण्याची मुदत आपल्या धुळीला आणि उन्हाला फार लांब आहे. मी दरवर्षी, किंवा ८,००० किलोमीटरच्या आत, जे आधी येईल तेव्हा बदलतो.

पेट्रोलविषयी मात्र मला चिंता आहे आणि ती लपवावी असे वाटत नाही. २०२५ पासून देशभर पंपांवर २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल मिळते. या गाडीची इंधनव्यवस्था १० टक्क्यांपर्यंतचे मिश्रण गृहीत धरून बनवलेली आहे. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे रोज चालणाऱ्या गाडीपेक्षा आठवडेच्या आठवडे उभ्या राहणाऱ्या गाडीला त्याचा त्रास अधिक. त्यात एन५४ इंजिनाला उच्च दाबाने पेट्रोल पुरवणारा गाडीतला पंप आधीच नाजूक मानला जातो. २०१० मध्ये अमेरिकेत हे इंजिन असलेल्या गाड्या, त्यांत झेड४ही, याच पंपासाठी परत बोलावल्या गेल्या होत्या. मी दोन पथ्ये पाळतो. टाकीत जुने पेट्रोल साठू देत नाही, आणि जेथे मिळते तेथून अधिक ऑक्टेनचे पेट्रोल घेतो. शहरात लिटरला सहा-सात आणि महामार्गावर दहाच्या आसपास किलोमीटर मिळतात. ज्याला हा आकडा बोचेल, त्याने ही गाडी घेऊ नये.

छत हा या गाडीचा सर्वांत सुंदर आणि सर्वांत जपण्याजोगा भाग आहे. वीस सेकंदांत ते हायड्रॉलिक यंत्रणेने उघडते किंवा बंद होते. डिकीतील पडदा जागेवर लावल्याशिवाय ते हलतच नाही, आणि उघडल्यावर डिकी ३१० लिटरवरून १८० लिटरवर येते. दोघांच्या दोन लहान बॅगा बसतात, बस्स. पावसाळ्याआधी दोन कामे न चुकता करावीत. सर्व रबरी पट्ट्या ओल्या फडक्याने पुसून त्यांना रबरासाठीचे खास वंगण लावावे, नाहीतर त्या वाळतात, कुरकुरतात आणि पुढे पाणी आत घेतात. दुसरे म्हणजे छताच्या कडेच्या पन्हाळी आणि पाण्याचा निचरा करणारी छिद्रे मोकळी करावीत. आमच्या आवारात कडुलिंबाचे मोठे झाड आहे. फाल्गुन-चैत्रातली त्याची बारीक पाने या पन्हाळींत जाऊन धुळीबरोबर लगदा होतात. मी जुना मऊ ब्रश आणि थोडे पाणी घेऊन ती साफ करतो. जोराच्या पावसातही गाडीच्या आत एक थेंब आलेला नाही.

टायर पुढचे २२५/४० आर१८ आणि मागचे २५५/३५ आर१८. मापे वेगळी असल्यामुळे पुढचे-मागचे अदलाबदल करता येत नाहीत आणि मागची जोडी आधी संपते. मूळचे रन-फ्लॅट टायर, म्हणजे हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे, फार कडक असतात. इंदूरच्या मुख्य रस्त्यांवर ते चालून जाते, पण लोकमान्य नगर किंवा सुदामा नगरच्या गल्ल्यांतील गतिरोधकांवर पाठीला जाणवते. गाडी घेतली तेव्हा टायरची नक्षी नव्यासारखी होती, पण कडेवरच्या शेवटच्या चार अंकांनी, ज्यांत आठवडा आणि वर्ष असते, त्यांची खरी कथा सांगितली. ते इतके जुने होते की त्यांच्यावर वेगाने जाणे धोक्याचे होते. मी साधे ट्यूबलेस टायर घातले आणि स्टेपनी नसल्यामुळे हवेचा छोटा पंप व पंक्चरचे सामान सोबत ठेवतो. गाडीचा स्वभाव या एका बदलाने जितका सुधारला, तितका दुसऱ्या कशाने नाही.

कागदपत्रांचा खर्चही हिशेबात धरावा. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर खासगी गाडीची तपासणी होऊन नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. साध्या मोटारीला त्याचे शुल्क ५,००० रुपये आहे, पण आयात केलेल्या चारचाकीला ४०,००० रुपये. ही गाडी पूर्ण बनून परदेशातून आलेली असल्याने दुसरा दर लागतो. विमा घेताना गाडीची घोषित किंमत काय धरली आहे ते स्वतः वाचून सही करावी. छताचे एक पॅनेल खराब झाले तरी दुरुस्तीचा आकडा त्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो.

इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांच्यासाठी १९३०च्या दशकात ड्यूसेनबर्ग एसजे या अमेरिकी मोटारीवर लंडनच्या गर्नी नटिंग या बॉडी बांधणाऱ्या कंपनीने खास स्पीडस्टर बांधली होती, तेव्हा या शहराला दोन आसनी वेगवान गाडीचे कौतुक नवे नाही. पण संस्थानिकाच्या पदरी गॅरेज असते, आपल्याला ते शोधावे लागते. माझा अनुभव असा की दिमाखदार दालनापेक्षा, या इंजिनावर हात बसलेला आणि स्कॅनरवर आलेल्या कोडचा अर्थ समजावून सांगणारा मिस्त्री महत्त्वाचा. आधीच्या मालकाच्या काळात एका वर्कशॉपने नवी बॅटरी बसवली होती, पण ती गाडीच्या संगणकात नोंदवली नव्हती, त्यामुळे ती जुन्या बॅटरीच्या हिशेबाने चार्ज होत राहिली. हे आमच्या मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी पकडले. सुट्या भागांसाठी अकरा अंकी पार्ट नंबर लिहून ठेवावा. मूळ उत्पादकाचाच भाग, उदाहरणार्थ पिअरबुर्गचा पाण्याचा पंप, बीएमडब्ल्यूच्या खोक्याशिवाय पुष्कळ स्वस्त मिळतो. भाग येण्यास दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून दुसरी गाडी घरात हवीच.

पहिल्या काही महिन्यांतील कामांचा खर्च खरेदीच्या किमतीच्या साधारण सहाव्या हिश्शाइतका झाला, आणि तो मी आधीच बाजूला काढून ठेवला होता. त्यानंतर गाडी एकदाही रस्त्यात थांबलेली नाही. आता एक मोठे काम उरले आहे. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, त्यामुळे आत हवा घेणाऱ्या व्हॉल्व्हवरची काजळी पेट्रोलने धुतली जात नाही आणि कालांतराने थर बसतो. अक्रोडाच्या कवचाचा भुगा दाबाने मारून तो काढतात. आमच्या गॅरेजमध्ये ते यंत्र नाही, म्हणून या हिवाळ्यात गाडी अहमदाबादला नेणार आहे. तेथेच ड्युअल क्लचचे ऑइलही बदलून घेईन.